कठडेवाल्या मावशींचा गोंद

टायरच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, जहाजं तयार होत. खरी नव्हेत, हातभर लांबीची, फार तर दीड हात. पण खऱ्या जहाजावर जे जे असतं ते ते सगळं त्यांच्यावर असे. भोंगा, नांगर, जीव वाचवायच्या होड्या, शिड्या आणि डेकच्या कडेकडेनं फिरणारे पितळेचे कठडे, जाडीला शिवणाच्या दोऱ्याएवढे. जहाज कंपनीच्या कचेरीत शिरल्या शिरल्या काचेच्या पेटीत जे मॉडेल दिसतं ना, तसली ही मॉडेलं. पेटीवर कंपनीचं नाव असतं, जहाजाचं असतं, करणाऱ्यांचं नसतं. टाळ्या नटाला पडतात, पडद्याची दोरी ओढणाऱ्याला कोण विचारतं, तसलाच प्रकार.

खिडकीजवळचं टेबल मावशींचं. एकतीस वर्षं. सगळे त्यांना कठडेवाल्या मावशी म्हणत, कारण लाकूड, रंग, काच ही कामं इतरांची आणि पितळेचं जे जे बारीक ते मावशींचं. चिमट्यानं तुकडा उचलायचा, फरशीच्या तुकड्यावर ठेवलेल्या सुपरग्लूच्या थेंबाला त्याचा पाय टेकवायचा आणि जागेवर नेऊन बसवायचा. बसवायचा म्हणजे एकदाच. तो गोंद दुसरी संधी देत नाही. तिरका बसला की तिरकाच. काढायला जाल तर खालचा रंगही सोलून येतो. मावशींचा तुकडा तिरका बसत नसे. बसवला की त्या वाकून त्यावर तोंडाची वाफ सोडत, चष्मा पुसण्याआधी काचेवर सोडतो तशी. दमट हवेनं तो गोंद पटकन धरतो. हे त्यांचं त्यांनीच शोधून काढलं होतं आणि पुढे सगळा कारखाना तसंच करायला लागला.

थोरले मालक होते तेव्हा आलेल्या पाहुण्याला ते मुद्दाम या टेबलाशी आणून उभं करत आणि हळूच म्हणत, "आता बघा हं." मावशी मान वर न करता एका दमात पंधरा खांब ओळीनं उभे करत. पाहुणा तोंडात बोट घाली. थोरल्या मालकांचा चेहरा असा फुले, की जणू ते खांब त्यांनीच बसवले. ते दिवस गेले, ते मालकही गेले. मावशींच्या हातातली सफाई तेवढी राहिली.

छातीनं मात्र साथ सोडायला सुरुवात केली होती. गेल्या वर्षापासून दुपार झाली की श्वास आखडायचा, नाक वाहायचं, डोळ्यांत मिरची गेल्यासारखं व्हायचं. रविवारी बरं वाटायचं, सोमवारी पुन्हा तेच. डॉक्टरीणबाईंनी दोन प्रश्न विचारले आणि सरळ सांगितलं, "हा गोंद तुमच्या अंगाला चालेनासा झालाय. शरीर एकदा नाही म्हणालं की पुन्हा हो म्हणत नाही. सोडून द्या." मावशींनी तो कागद बारीक घडी करून पाकिटात ठेवला. कारखान्यात सांगितलं, सर्दी आहे.

घरी सर्दी म्हणून भागण्यासारखं नव्हतं. मावशींचे यजमान बसवर ड्रायव्हर होते, आता घरीच असत, आणि त्यांना आवाजावरून बिघाड ओळखायची सवय.

"अगं, घाटात माझी जुनी गाडी असाच आवाज करायची," ते खोकला ऐकून म्हणाले.

"तुमची गाडी भंगारात गेली."

"म्हणून तर म्हणतोय."

मावशींनी त्यांच्यापुढे ताट सरकवलं आणि विषय संपवला. यजमानांचं ऐकून सोडायचं ठरवलं असतं तर सोडताही आलं असतं. दोघांचं भागत होतं. पण सोडलं की पुढे काय, ते मावशी रोज बघत होत्या. पॅकिंगच्या खोलीत.

पॅकिंगला टेपवाल्या बाई बसत. चार वर्षांपूर्वीपर्यंत त्या जहाजांच्या अंगावर नावं रंगवायच्या, तीन केसांच्या ब्रशनं, तांदळाच्या दाण्याएवढी अक्षरं. मग उजवा हात थरथरायला लागला. मालकांनी त्यांना काढलं नाही, चांगुलपणाच केला. खोकी, टेप आणि कात्री दिली. पूर्वी या बाई बोलायला लागल्या की सगळी टेबलं हसायची. आता त्या दिवसभर टेप ओढत. त्या टेपचा करकर आवाज भिंतीपलीकडून आला की मावशी हातातला चिमटा खाली ठेवत. त्या दोघी एकाच वर्षी लागलेल्या. एकमेकींना 'कठडे' आणि 'टेपे' अशीच हाक मारत. दुसऱ्या कुणी तशी मारलेली दोघींनाही खपली नसती.

गोष्ट सुरू झाली ती एका प्रवासी बोटीपासून. पांढरी शुभ्र बोट, तीन मजली, चौसष्ट खिडक्या, प्रत्येक खिडकीला खरी वाटावी अशी पातळ प्लॅस्टिकची काच. गुरुवारी सकाळी कंपनीचा माणूस तपासायला येणार होता. बुधवारी दुपारपर्यंत वरच्या मजल्याचा कठडा राहिला होता. त्या दिवशी मावशींना खोकल्याच्या उबळी थांबत नव्हत्या. एक खांब, एक उबळ, असं चाललं होतं. कसाबसा शेवटचा तुकडा बसवून त्या उठल्या आणि सुतारदादाला म्हणाल्या, "झालं माझं. पेटी लाव."

"लावू? आजच?"

"लाव म्हणते ना."

सुतारदादानं काचेची पेटी बसवली, कडा बंद केल्या आणि वर फडकं टाकलं.

आता हे या धंद्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं, की सुपरग्लू सुकताना वाफ सोडतो. ती दिसत नाही. उघड्या हवेत उडून जाते. पण बंद पेटीत कोंडली तर जिथे बसेल तिथे पांढरी पूड धरते. काचेवर आधी, आणि माणसाची बोटं लागली असतील तिथे तर हमखास. म्हणून बारीक काम झाल्यावर मॉडेल दोन दिवस उघडं ठेवायचं. हा नियम कारखान्यात मावशींनीच घालून दिला होता.

गुरुवारी सकाळी सुतारदादानं फडकं काढलं. चौसष्टच्या चौसष्ट खिडक्यांना मोतीबिंदू झाला होता. आणि काळ्याभोर धुराड्यावर, पांढऱ्या रेषांत, मावशींच्या अंगठ्याचा ठसा, वळणन् वळण मोजून घ्यावं इतका स्पष्ट.

टेपवाल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग मावशींकडे, आणि नुसत्याच आत गेल्या.

धाकट्या मालकांनी कंपनीला फोन करून पंधरा दिवसांची मुदत मागितली. मग ते मावशींच्या टेबलाशी आले. चाळिशीचा माणूस, पण याच टेबलाखाली खेळत मोठा झालेला.

"मावशी, हे तुमच्या हातून कसं झालं?"

खोटं बोलायचं म्हटलं तरी सुचलं पाहिजे. मावशी थकल्या होत्या. त्यांनी पाकिटातला घडी घातलेला कागद काढून पुढे केला. "मला त्या वासातून बाहेर पडायचं होतं. बाकी काही डोक्यात आलं नाही."

मालकांनी कागद वाचला, दोनदा. "वर्षभर सांगितलं नाहीत?"

"सांगून काय केलं असतंत?"

"पॅकिंगला बसवलं असतं. आता तेच करू. टेपवाल्या बाईंना सोबत होईल, तुम्हाला आराम मिळेल."

ते अगदी मनापासून बोलत होते, आणि मनापासून बोलत होते म्हणूनच मावशींना भांडता येईना. तरी त्या म्हणाल्या, "मला आठ दिवस द्या. मी दुसरा गोंद शोधते."

"बाबांनी तीस वर्षं हाच वापरला."

"बाबांना हा चालत होता. मला चालत नाही. बाळा, आठ दिवस." चारचौघांत त्या मालकांना 'मालक'च म्हणत. 'बाळा' निघालं म्हणजे प्रकरण हातघाईवर आलं, हे सगळ्यांना कळलं.

मालक म्हणाले, "आठ दिवस. पण गाडीत घालून नेल्यावर एक खांब जरी पडला, तर माझं नाक कापलं जाईल. टिकतो असं दाखवून द्या."

मग सुरू झाली ती एक कटकट. सुतारदादानं डेकच्या रंगाची एक लांब फळी रंगवून दिली आणि मावशी तिच्यावर एकेका गोंदानं जुने उरलेले खांब उभे करायला लागल्या. पांढरा गोंद आधी घेतला, बिनवासाचा आणि गरीब. सकाळी नखानं टिचकी मारली तर खांब असा आडवा झाला, की जणू त्याला कुणी बसायलाच सांगितलं होतं. चपला चिकटवायचा पिवळा गोंद घेतला. त्याचे कोळिष्टकासारखे धागे निघाले आणि वासानं मावशींना उठून जिन्यात जाऊन बसावं लागलं. दोन नळ्यांचं एपॉक्सी घेतलं, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. त्यानं पितळ धरलं, आणि असं धरलं की पक्कडीनं तुटेना. पण दोऱ्याएवढ्या खांबाच्या पायाशी गाठोडं बांधल्यासारखा लोंदा दिसायला लागला. शिवाय घट्ट होईपर्यंत खांब हळूहळू कलायचा. मावशी त्याला सरळ करायच्या, तो पुन्हा कलायचा. कापसाच्या काडीचा टेकू दिला तर टेकूच चिकटला.

तिसऱ्या दिवशी टेपवाल्या बाई खुर्ची ओढून समोर येऊन बसल्या. "खोकी संपली. काय धरू?"

"हे धर. हलवू नकोस."

"हात बघितलास का माझा? हलवू नकोस म्हणे." आणि कितीतरी महिन्यांनी त्या हसल्या. मावशींनी त्यांच्या हातात फळी न देता फडकं आणि स्पिरिट दिलं, पितळ पुसायला. पितळेला बोटाचं तेल लागलेलं असलं तर कुठलाच गोंद धरत नाही, म्हणून हे काम कितीही बिनमहत्त्वाचं दिसलं तरी अर्धं यश त्यात असतं.

पाच दिवस गेले. मावशी घरी जाऊन जेवायच्या आणि भिंतीला टेकून बसायच्या. यजमान विचारत नसत. एकदाच म्हणाले, "किती दिवस राहिले?"

"तीन."

"नाही जमलं तर?"

"मग खोकी."

"खोक्यांना काय वाईट आहे? मी तीस वर्षं माणसं वाहिली. कुणी माझं तोंड बघितलं नाही, पाठ बघितली."

"तुम्हाला चाललं."

"नाही चाललं," यजमान म्हणाले. "बोललो नाही, एवढंच." आणि ते ताट उचलून मोरीकडे गेले.

सहाव्या दिवशी सुतारदादा कुरकुरत आला. मॉडेल ज्या लाकडी पाटावर उभं करतात तो त्याच्या हातात होता. "मावशी, तुमचा संसार तुमच्या टेबलावर ठेवा. तुमची शिडी पडली माझ्या ओल्या वार्निशवर. आता निघेना."

मावशींनी पाट हातात घेतला. नखाएवढी पितळी शिडी, पाय टेकवून लाकडावर आडवी पडलेली. त्यांनी चिमट्यानं ओढली. शिडी वाकली, सुटली नाही. पायाशी लोंदा नाही, डाग नाही, धागा नाही. भिंगातूनही काही दिसत नव्हतं.

"हे वार्निश कुठलं?"

"नेहमीचं. पाण्यातलं. वास नाही म्हणून बायको घरीसुद्धा लावू देते."

त्या दिवशी मावशींनी फळीवर वार्निशनं वीस खांब लावले. एका बारीक ब्रशनं पायाशी टिपका द्यायचा, खांब टेकवायचा. घाईनं धरत नाही. चांगली दहा-पंधरा मिनिटं ते ओलं राहतं, आणि ओलं आहे तोवर पातळपणामुळे खांबाला स्वतःच धरून ठेवतं, कलू देत नाही. मग रात्रभर तसंच सोडायचं. नांगर आणि होड्या टांगायचे हात, म्हणजे ज्यांच्यावर ओझं येतं ते तुकडे, त्यांना वार्निश पुरणार नाही हे मावशींना दिसत होतं. तिथे सुईएवढं भोक पाडून, पाय आत रोवून, एपॉक्सीचा कण.

टेपवाल्या बाई बघत होत्या. एक खांब मावशींच्या हातून जरा तिरका बसला. दिवसभराच्या शिणानं हात जड झाला होता. टेपवाल्या बाईंनी न विचारता काडी घेतली, कोपर टेबलावर घट्ट रोवलं आणि थरथरत्या हातानं खांबाला एकदा इकडून, एकदा तिकडून ढोसलं. चार मिनिटं लागली. खांब सरळ झाला.

मावशी त्या खांबाकडे बघत राहिल्या. सरळ. एकतीस वर्षं ज्या एका स्पर्शावर त्यांचं नाव उभं होतं, जो स्पर्श बघायला पाहुणे आणले जात, तो आता लागणारच नव्हता. चुकलं तर सरळ करता येत होतं. कुणालाही. हवा तो गोंद सापडला होता, आणि त्यांना उठून तोंडावर पाणी मारावंसं वाटलं. त्या उठल्या नाहीत. "बरं केलंस," एवढंच म्हणाल्या.

आठव्या दिवशी परीक्षा झाली. फळीवर दहा खांब सुपरग्लूचे, ते मालकांनी स्वतः लावले होते, वीस वार्निशचे, पाच एपॉक्सीचे. सुतारदादानं फळी स्कूटरच्या मागच्या सीटवर दोरीनं बांधली आणि तो गोदामांमागच्या दगडी रस्त्यानं गेला, जिथे चालतानासुद्धा दात वाजतात. परत आला तेव्हा म्हणाला, "माझीच दोन हाडं निखळली असतील, ती धरू नका."

मालकांनी भिंग घेऊन फळी पाहिली. एपॉक्सीचे पाचही उभे. सुपरग्लूचे चार पडलेले.

"तो धरतो घट्ट, पण लवत नाही," मावशी म्हणाल्या. "धक्का बसला की काचेसारखा तडकतो. तुमच्या बाबांच्या वेळचे किती कठडे मी पोचल्यावर जाऊन परत लावून आले, ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल."

"वार्निशचे दोन पडले."

"ते दोन मी काचकागदानं घासून खरखरीत केले नव्हते. कंटाळले होते."

"मावशी, हे सांगितलं नसतंत तर चाललं असतं," सुतारदादा म्हणाला.

"मग ते परत पडले असते."

मालक खुर्चीवर बसले. त्यांना आनंद झाला होता, पण मालकाचा आनंद फार वेळ मोकळा राहत नाही. "टिकतोय, कबूल. पण एक बाजू लावायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. महिन्याला चार बोटी जातात आपल्या. यानं दोन होतील. उरलेल्या दोन बोटींसाठी सुपरग्लूवर नवा माणूस घ्यावा लागेल. आणि मग..." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. टेबल एकच होतं. खिडकी एकच होती. एका खोलीत सुपरग्लू असला तर मावशी त्या खोलीत बसू शकत नव्हत्या, हेही सगळ्यांना समजत होतं.

मावशींना वाटलं, आता गप्प राहावं. आपण आपल्यापुरतं सिद्ध केलं. कोण जिंकलं कोण हरलं ते मालकांनी बघावं. त्यांची पाठ दुखत होती. पॅकिंगच्या खोलीत, खरं सांगायचं तर, खुर्चीला पाठ होती.

"नवा माणूस कशाला?" त्या म्हणाल्या. "टेपीला माझ्यासमोर बसवा."

टेपवाल्या बाईंनी मान वर केली.

"मावशी, त्यांचा हात..." मालक अवघडले.

"वार्निशला हात हलला तरी चालतो. पंधरा मिनिटं वेळ असतो. सरळ करता येतं. परवा तिनंच केलाय, या फळीवर आहे, शोधून दाखवा कुठला तो."

मालकांनी भिंग लावून बराच वेळ शोधलं. सापडला नाही. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि निरागसपणे, लहान असताना टेबलाखालून विचारायचे तसं विचारलं, "म्हणजे कुणालाही जमेल? मग मावशी, तुमचं काय राहिलं?"

मावशींनी भिंग पुसून जागेवर ठेवलं.

"माझं टेबल," मावशी म्हणाल्या. "अर्धं."

सोमवारी दोघी समोरासमोर बसल्या. प्रवासी बोटीच्या चौसष्ट काचा सुतारदादानं खरवडून नव्या घातल्या होत्या, धुराडं पुन्हा काळं केलं होतं, आणि त्या खटपटीत उखडलेले तिन्ही मजल्यांचे कठडे नव्यानं लावायचे होते. हाताशी चार दिवस उरले होते. मावशींचा श्वास अजून पुरता मोकळा नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, महिने लागतील. मावशींनी डावी बाजू घेतली, टेपवाल्या बाईंनी उजवी. मावशींचे आठ खांब होईपर्यंत समोर दीड झाला होता. मावशी हातावर हात ठेवून बघत बसल्या. त्यांना चिमटा हिसकावून घ्यावासा वाटत होता आणि झोपही येत होती.

"कठडे, असं डोळे लावून बसू नकोस. आणखी हलतो."

"बसले नाही. थकले."

"सरळ आहे का बघ."

मावशींनी भिंग ओढलं. "बाहेर झुकलाय. केसभर."

टेपवाल्या बाईंनी कोपर रोवलं, काडीनं ढोसलं. "आता?"

"आता आत."

"तुझ्या डोळ्यांत खोट आहे."

"माझ्या डोळ्यांत काही नाही. किती मिनिटं झाली?"

"सात."

"मग आहे अजून वेळ. ढोस पुन्हा."

बाईंनी पुन्हा काडी टेकवली. खांब या वेळी सरळ उभा राहिला. दोघींनी आपापल्या बाजूनं खात्री करून घेतली. मावशींनी जोडीला पुढचा खांब उचलून स्पिरिटनं पुसला, काचकागदावर घासला आणि टेपवाल्या बाईंच्या पुढ्यात ठेवला. मग यादीवर बोट ठेवून मोजलं. अजून एकशे बारा राहिले होते.